लेथच्या छोट्या भागांचे गंजलेले आणि गेलेले आटे: बोल्टचा मोह सोडा, भोक वाचवा

प्रश्न थोडक्यात असा. लातूरजवळच्या गावात साडेचार फुटी जुना लेथ घेतला आहे. दोन पावसाळे तो शेतातल्या शेडमध्ये खताच्या पोत्यांशेजारी पडून होता. क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) जिबचे, म्हणजे ढील भरून काढणाऱ्या पट्टीचे, दोन स्क्रू गंजून बसलेत आणि एकाची खाच फुटली आहे. टूलपोस्टच्या (टूल धरणाऱ्या ठोकळ्याच्या) बोल्टची टोकं ठेचून फुललीत. टेलस्टॉक (मागच्या बाजूचा सरकता आधार) आवळायच्या स्टडचे, म्हणजे बिनडोक्याच्या आटेदार सळईचे, आटे झिजलेत. कंपाउंड स्लाइडच्या (क्रॉस स्लाइडवरच्या छोट्या स्लाइडच्या) बुडातलं एम ६ चं, म्हणजे ६ मिमी मेट्रिक आट्याचं, एक भोक पार गेलंय. भोकात आटे पाडायचा टॅप आणि बोल्टवर पाडायची डाय यांचा सेट आणून सगळ्यांवरून एकेकदा फिरवला तर चालेल का?

सरसकट फिरवला तर नाही चालणार. टॅप आणि डाय ही कापायची हत्यारं आहेत. ठेचलेला आटा सरळ करताना ती वाकलेलं लोखंड मागे ढकलत नाहीत, छाटून टाकतात. आधीच गंजाने बारीक झालेल्या आट्यावरून डाय फिरवली की बोल्ट चकचकीत दिसतो, पण नटात खुळखुळतो. दुसरा धोका याहून मोठा. दुकानात मिळणारे स्वस्त सेट मेट्रिक असतात, म्हणजे आट्याचा कोन ६० अंश. तुमचा लेथ जुना असेल तर त्यावर व्हिटवर्थ (जुने इंग्लिश इंची) आटे असण्याची दाट शक्यता आहे, त्यांचा कोन ५५ अंश आणि पिचही, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतरही, वेगळा. चुकीचा टॅप बिडात घातला की उरलेसुरले आटेही गेले. (इथे बीड म्हणजे ओतीव लोखंड, आपला जिल्हा नव्हे.)

सगळ्या कामात एक गोष्ट धरून चाला: बोल्ट, स्क्रू, स्टड हे पंचवीस-पन्नास रुपयांचे किंवा तासाभरात बनणारे भाग आहेत. स्लाइड, सॅडल, टेलस्टॉकची बॉडी मिळत नाही. म्हणून भोकातल्या आट्याला कमीत कमी हात लावायचा आणि फरक भरून काढायचा तो बोल्टच्या बाजूने.

आधी आटा ओळखा

पिच गेज असेल तर उत्तमच. नसेल तर व्हर्निअरने दहा पिच मोजा आणि दहाने भागा. दहा पिच म्हणजे पहिल्या आट्याच्या टोकापासून अकराव्या आट्याच्या टोकापर्यंत. पहिल्यालाच ‘एक’ म्हणून दहाव्यापर्यंत मोजलं तर नऊच पिच भरतात आणि हिशेब चुकतो. ही चूक अनुभवी माणसाकडूनही होते.

दहा पिचचं माप एम ६ ला १० मिमी येतं, पाव इंची व्हिटवर्थला १२.७. एम ८ ला १२.५, तर ५/१६ व्हिटवर्थला १४.१. एम १० ला १५, ३/८ व्हिटवर्थला १५.९. एम १२ ला १७.५, अर्धा इंची व्हिटवर्थला २१.२. यातली ३/८ आणि एम १० ची जोडी फार फसवते. ३/८ चा बोल्ट ९.५ मिमीचा, त्यामुळे एम १० च्या भोकात काही आटे सैल जातो आणि मग घट्ट होतो. माणसाला वाटतं गंज आहे, तो पान्ह्याला पाइप लावतो, आणि भोकाचा निकाल लागतो.

इंची आट्यांमध्ये अजून एक खोच आहे. पाव इंच, ५/१६ आणि ३/८ या मापांत व्हिटवर्थ आणि अमेरिकन यूएनसी यांची इंचातल्या आट्यांची संख्या एकच आहे, अनुक्रमे २०, १८ आणि १६. फरक फक्त कोनात. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३. लेथ जुना इंग्लिश असेल तर बारीक स्क्रू बीए (ब्रिटिश असोसिएशन) आट्यांचे असू शकतात. ० बीए तर हुबेहूब एम ६ सारखा: व्यास ६ मिमी, पिच १ मिमी, फक्त कोन साडेसत्तेचाळीस अंश. त्याच्या भोकात एम ६ चा बोल्ट जोर करून जातो, पण आट्यांच्या कडांवरच टेकतो आणि थोड्या दिवसांत सुटतो.

मोजायला बोल्टचा न वापरलेला भाग शोधा, डोक्याजवळचा किंवा नटाखाली झाकलेला. गंजलेल्या भागाचं माप घेऊ नका. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आटा भरलेला दिसतो आणि साफ केल्यावर आतून दुष्काळ निघतो.

बसलेला स्क्रू सोडवणं

ऑटोमॅटिक गिअरचं तेल म्हणजे एटीएफ आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून बाटलीत हलवा. तयार रस्ट स्प्रे महाग वाटत असेल तर हे मिश्रण गंजलेल्या आट्यात छान उतरतं. ॲसिटोन आणि तेल वेगळं होत राहतं, म्हणून दर वेळी हलवून दोन-दोन थेंब सोडा, सकाळ-संध्याकाळ, किमान एक दिवस. नुसतं डिझेलही चालतं, पण त्याला तीन-चार दिवस द्या. ॲसिटोन पेट घेतं, म्हणून ओलं असेपर्यंत गॅस जवळ आणायचा नाही.

तेल मुरतंय तोवर स्क्रूच्या डोक्यावर पितळी ड्रिफ्ट ठेवून हलके ठोके द्या. मग आधी सोडवायच्या नव्हे, आवळायच्या दिशेने किंचित जोर द्या. गंजाचा थर तिथे तुटतो. पाव फेरा मागे, थोडा पुढे, तेल, पुन्हा मागे. सलग एका दिशेने ओढत गेलात तर गंजाचा भुगा आट्यात दाटतो आणि अर्ध्यावर स्क्रू मोडतो.

जिबच्या स्क्रूसाठी पेचकस खाचेच्या मापाला ग्राइंड करून घ्या. त्याच्या पात्याच्या दोन्ही बाजू समांतर हव्यात. बाजारातल्या पेचकसाचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, ते खाचेतून वर चढतं आणि खाच फोडतं. तुमच्या एका स्क्रूचं बहुधा हेच झालंय.

त्या फुटक्या खाचेच्या स्क्रूसाठी सोपा मार्ग आहे, आणि तो फारसा कुणी वापरत नाही. जिबच्या स्क्रूचं भोक आरपार असतं. फीड स्क्रू आणि नट मोकळा करून स्लाइड पूर्ण बाहेर सरकवा, जिब काढून घ्या. आता स्क्रूच्या आतल्या टोकासमोर मोकळी जागा आहे. बाहेरून साधं उजवं ड्रिल लावलं की ड्रिल पकडतं तेव्हा ते स्क्रूला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवतं, म्हणजे आत ढकलतं, आणि स्क्रू डव्हटेलच्या (स्लाइडच्या तिरक्या खोबणीच्या) बाजूने बाहेर पडतो. एम ५ च्या स्क्रूला आधी २ मिमी, मग ३ मिमी ड्रिल पुरे. वेग कमी, दाब जास्त. बरेचदा भोक अर्धं होण्याआधीच स्क्रू सुटतो. बंद भोकात मोडलेल्या स्क्रूला मात्र उलटंच हवं. तिथे डावं ड्रिल वापरा, म्हणजे पकडलं की ते स्क्रू बाहेर काढतं.

‘इझी आउट’ हे नाव ऐकून भुलू नका. तो कडक पोलादाचा निमुळता खिळा आहे. स्क्रू खरंच गच्च असेल तर तोच आत मोडतो आणि मग साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. तेल आणि उष्णतेने स्क्रू आधी सैल झाला असेल तरच तो वापरा.

६ मिमी किंवा जास्त व्यासाचा स्टड पृष्ठभागाजवळ मोडला असेल तर त्याच्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा. वेल्डची उष्णता गंज मोडते आणि साधी वेल्डिंग बिडाला नीट चिकटत नाही, हे इथे पथ्यावर पडतं. लालसरपणा जाऊन हात लावता येणार नाही इतपत गरम असताना पान्हा लावा. पण भाग लेथवरून उतरवून मगच वेल्डिंग करा, आणि अर्थिंगचा चिमटा त्याच भागाला लावा. चिमटा बेडला लावलात तर करंट स्पिंडलच्या बेअरिंगमधून जातो, बॉलवर बारीक खड्डे पडतात आणि पुढे लेथ कायमचा गुरगुरतो.

टॅप मोडला तर गोष्ट वेगळी. बिडात किंवा पोलादात मोडलेला टॅप घरी उकरत बसू नका. वाळूज-चिकलठाण्याकडे स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणं) करून देणारे टूलरूमवाले आहेत, तिथे तो भोकाला धक्का न लावता निघतो. भाग पितळेचा, गनमेटलचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर तुरटी कामाला येते. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घालून भाग त्यात बुडवा आणि मंद आचेवर ठेवा. पोलाद हळूहळू खाल्लं जातं, पितळ तसंच राहतं. बारीक टॅपला काही तास ते दिवसभर लागतो, हायस्पीड पोलादाला आणखी वेळ. बिडाचा किंवा लोखंडाचा भाग यात चुकूनही घालू नका, तुरटी टॅप आणि भाग यांत भेद करत नाही.

गंज काढणं

स्क्रू, स्टड, नट अशा सुट्या भागांसाठी सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, भाग आधी धुऊन तेलमुक्त करून त्यात सोडा, दर तासाला काढून पितळी ब्रशने घासा. दोन ते सहा तासांत काम होतं. रात्रभर विसरलात तर चांगलं लोखंडही खातं आणि आट्यांची टोकं पातळ होतात. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, उकळत्या पाण्याने धुवा, म्हणजे गरम भाग स्वतःच वाळतो, आणि लगेच तेल लावा. पाच मिनिटं उशीर केला तरी केशरी झाक येते.

संडास साफ करायचं ॲसिड वापरायचा सल्ला हमखास मिळतो. ते हायड्रोक्लोरिक असतं. एक बोल्ट साफ होईल, पण त्याच्या वाफेने त्याच शेडमधला बेड, चक, ड्रिल आठवड्यात गंजतील.

गंज खोल असेल आणि आट्याचं माप जपायचं असेल तर बॅटरी चार्जरच्या विजेने काढा. प्लास्टिकची बादली, चार लिटर पाणी, त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची १२ व्होल्टची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार लोखंडाच्या भंगार पट्टीला. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. एक-दोन अँपिअरवर छोटा स्टड दोन ते चार तासांत साफ होतो आणि चांगलं लोखंड जातं तेवढं कमीच. तारा उलट जोडल्या तर तुमचा स्टड विरघळेल आणि भंगार चकचकीत होईल. धन बाजूला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. यातून हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करा, जवळ बिडी पेटवू नका, आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा. स्प्रिंग आणि १२.९ छापाचे ॲलन बोल्ट या बादलीत किंवा ॲसिडात घालू नका. हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. तो बोल्ट दिसायला नवा असतो आणि आवळताना पटकन तुटतो. असे बोल्ट नवेच घ्या.

भोकातला गंज काढायला टॅपऐवजी घरी बनवलेला ‘खाचेचा बोल्ट’ वापरा. त्याच आट्याचा चांगला बोल्ट घ्या, टोकाकडून हॅकसॉने किंवा पातळ कटिंग चकतीने लांबीच्या दिशेने तीन खाचा कापा, आट्याच्या बुडाच्या थोड्या खाली जातील एवढ्या खोल. टोक थोडं निमुळतं करा, खाचांच्या कडांवरची बर (कापल्यावर उरलेली खरखरीत कड) त्रिकोणी कानशीने काढा. तेल लावून हाताने फिरवा. तो गंज खरवडून खाचांत गोळा करतो आणि आटा कापत नाही. दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसा. बंद भोकात तळाला ग्रीसचा गोळा घातला तर भुगा त्यात अडकतो. हवा मारायची असेल तर चष्मा घाला, भोकातून उडालेला गंज सरळ डोळ्याकडे येतो.

ठेचलेले बाहेरचे आटे

टूलपोस्टच्या बोल्टची टोकं का फुलतात ते समजलं तर पुन्हा हेच काम करावं लागणार नाही. बोल्ट मऊ असतो, टूल कडक. प्रत्येक वेळी आवळताना टोक चेपून बाहेर पसरतं, आणि सोडताना ती पसरलेली कड टूलपोस्टच्या आट्यांतून ओढली जाते. म्हणजे बोल्ट स्वतःसोबत भोकही खातो. असा बोल्ट जबरदस्तीने काढू नका. तो खाली फिरवून टोक टूलच्या खोबणीत बाहेर आणा, फुललेली कड कानशीने घासून काढा आणि मग वर फिरवा.

काढल्यावर चकमध्ये धरा, आट्यांवर तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळून. टोक फेस करा, म्हणजे सपाट कापा, आणि शेवटचे ३ मिमी आट्याच्या बुडापेक्षा बारीक टर्न करा. एम ८ ला ६.३ मिमी, एम १० ला ८, एम १२ ला ९.५. मग टोक कितीही चेपलं तरी त्याची कड भोकाच्या आट्याला लागायला बराच वेळ लागतो. ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चा बोल्ट बनवत असाल तर फक्त हे टोक गॅसवर लालभडक करून तेलात बुडवा आणि नंतर पॉलिश करून पिवळसर-तपकिरी रंग येईपर्यंत तापवा. पूर्ण बोल्ट कडक करू नका, डोक्याखाली तुटेल.

आटा एखाद-दोन ठिकाणी दबला असेल तर धारदार त्रिकोणी कानस आणि थोडा धीर पुरतो. पिचनिहाय दात असलेली थ्रेड फाइल मिळाली तर सोनंच. तिचे दात शेजारच्या चांगल्या आट्यांत बसवून घासायचं, म्हणजे ती आपोआप बिघडलेल्या आट्याला रांगेत आणते. नेहमी चांगल्याकडून वाईटाकडे जा. टोक पार ठेचलेलं असेल तर चांगला नट हॅकसॉने कापून दोन अर्ध्या करा, त्या मागच्या चांगल्या आट्यांवर बसवून व्हाइसमध्ये हलक्या धरा आणि बोल्ट असा फिरवा की नट टोकाकडे बाहेर येईल. नट चांगल्या आट्यावर आधार धरून येतो, त्यामुळे रांग चुकत नाही. टोकाकडून डाय चढवायला गेलात तर ठेचलेल्या भागावर ती तिरकी बसते आणि नवाच आडवा आटा पाडते.

लेथवर जुना आटा परत पकडणं

टेलस्टॉकच्या स्टडसारखा भाग, किंवा एखादा खास मापाचा लांब स्क्रू बनवणं अवघड असेल, तर त्याचा आटा लेथवरच साफ करा. भाग दोन सेंटरमध्ये किंवा फोर-जॉ (चार जबड्यांच्या) चकमध्ये डायल गेज लावून ०.०२ मिमीच्या आत धरा. गिअर त्या पिचवर लावा. टूल गेज लावून काटकोनात बसवा.

आता मुख्य युक्ती. टूल मागे ठेवून हाफ नट लावा, म्हणजे टूल वाहणारी कॅरेज तिला ओढणाऱ्या लांब लीड स्क्रूला जोडा, आणि चक हाताने पुढे फिरवा. चक कापायच्या दिशेनेच फिरवायचा, म्हणजे लीड स्क्रू आणि गिअरमधला सगळा बॅकलॅश (मोकळा खेळ) निघून जातो. कॅरेज हलायला लागली की थांबा. आता हाफ नटला हात न लावता, कंपाउंड आणि क्रॉस स्लाइड दोन्ही वापरून टूलचं टोक एखाद्या चांगल्या आट्याच्या खोबणीत बरोबर मध्ये उतरवा. आट्यामागे पांढरा कागद धरला तर दोन्ही बाजूंचा उजेड सारखा आहे का ते दिसतं. क्रॉस स्लाइडचा डायल शून्यावर आणा. बॅकलॅश न काढता टूल बसवलं तर पहिल्याच कटात ते आट्याच्या एका बाजूवर चढतं. आटे बिघडण्याच्या निम्म्या केसेस इथेच होतात.

पहिला कट हवेत काढून बघा, मग ०.०५ मिमीचे कट द्या. वेग ५० आरपीएमच्या आसपास, जमल्यास चक हाताने फिरवा. लीड स्क्रू इंची असेल आणि आटा मेट्रिक, तर काम संपेपर्यंत हाफ नट उघडू नका. टूल मागे घ्या, मोटर उलटी फिरवून परत या. खोली किती, याचा हिशेब सोपा: बाहेरच्या मेट्रिक आट्याची खोली पिच गुणिले ०.६१३, व्हिटवर्थची पिच गुणिले ०.६४. एम १० ला ०.९२ मिमी. खोली याच्या पुढे गेली की आटा नव्हे, सळई बारीक होतेय.

साफ झाल्यावर नवीन नट चढवून आडवा हलवून बघा. जाणवण्याइतकं डुलत असेल तर त्या स्टडचा नाद सोडा. तुमचा टेलस्टॉकचा स्टड रोजच आवळला जाणारा आहे, त्यामुळे मी तरी नवाच बनवला असता: ईएन ८ ची सळई, एम १२ साठी ११.८५ मिमीला टर्न केलेली. पूर्ण १२ ठेवून डाय चढवली तर आटे फाटतात.

गेलेलं भोक

कंपाउंडचं एम ६ चं भोक. आधी तारेचा आकडा घालून खोली मोजा. जुना बोल्ट बहुधा तीन-चार आट्यांवरच धरत होता, खाली चांगले आटे शिल्लक असतात. तसं असेल तर ५ मिमी लांब बोल्ट घाला आणि विषय संपवा. बिडात बोल्टने आपल्या व्यासाच्या दीडपट तरी धरायला हवं, म्हणजे एम ६ ला ९ मिमी.

तळ सुद्धा गेला असेल तर एम ८ करायचा विचार पहिला येतो. ६.८ चं ड्रिल, एम ८ चा टॅप. पण मग वरच्या भागाचं भोकही मोठं करावं लागतं, आणि टी-खाच किंवा कडेपासून ५-६ मिमी बीड शिल्लक नसेल तर आवळताना तडा जातो. म्हणून स्लाइडच्या भागांत वायर इन्सर्ट, म्हणजे हेलिकॉइल, तारेची आटेदार गुंडाळी, बरा. एम ६ ला ६.३ मिमी ड्रिल, मग त्या इन्सर्टचाच खास टॅप. साधा एम ७ टॅप चालत नाही. इन्सर्ट पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा पिच खाली राहिला पाहिजे. वर राहिला तर बोल्ट सोडताना त्यासोबत बाहेर येतो. एम ५ ला ५.२, एम ८ ला ८.४, एम १० ला १०.४ मिमी ड्रिल लागतं. बसवल्यावर आडवी कडी तोडून बाहेर काढायला विसरू नका.

किट मिळत नसेल तर बुश बनवा. बाहेरून एम १० गुणिले १.५, आतून एम ६, ईएन ८ चा. भिंत साधारण १ मिमी उरते, चालते. आतला आटा आधी पाडा, मग तो एम ६ च्या मँड्रेलवर (आटे पाडलेल्या सळईवर) चढवून बाहेरचा कापा. उलट केलंत तर पातळ नळी चकमध्ये चेपते. भोक ॲसिटोनने तेलमुक्त करून बुशला थ्रेड लॉकिंगचं पक्कं द्रव लावा आणि एक दिवस ठेवा.

कुणी भोक वेल्डिंगने भरून पुन्हा टॅप करू म्हणाला तर नको म्हणा. साध्या रॉडने बिडात वेल्डभोवती काचेसारखा कडक थर होतो, त्यात टॅप मोडतो. आणि स्लाइड वाकली तर तो खर्च आट्यापेक्षा कितीतरी पट.

बीड कोरडंच टॅप होतं. पोलादाला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला डिझेल. टॅप सरळ जावा म्हणून त्याच्या मागच्या खड्ड्यात टेलस्टॉकचं किंवा ड्रिल मशीनचं सेंटर टेकवून हलका दाब ठेवा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे.

फीड स्क्रूचा विषय तुम्ही विचारला नाही, पण स्लाइड उघडणारच आहात तर बघून घ्या. हा स्क्रू मध्येच झिजतो, टोकं जवळजवळ नवी असतात. मधल्या भागाला घट्ट बसेल असा नवा गनमेटलचा नट केलात तर तो टोकाला जाऊन अडकतो. नट टोकांच्या मापाचा करायचा आणि मध्ये थोडा बॅकलॅश सोसायचा, नाहीतर स्क्रू आणि नट दोन्ही नवे. मधल्या पट्ट्यावर कानस फिरवून काही साधत नाही.

जोडताना प्रत्येक आट्याला थोडं ग्रीस किंवा ग्रॅफाइट घातलेलं तेल. बिडातल्या एम ६ ला छोट्या ॲलन कीचा हाताचा जोर पुरे, कीवर पाइप नको. कूलंट (कापताना सोडायचं पाण्यात मिसळणारं तेल) बोअरच्या पाण्यात कालवू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यात तेल-पाण्याचं दूध फाटतं आणि मागे राहिलेलं खारं पाणी आट्यांत साचतं. गावातल्या आरओचा वीस लिटरचा जार आणा, महिनाभर पुरतो. लेथवर तागाचं पोतं पसरायची सवय असेल तर तीही मोडा, पावसाळ्यात पोतं ओल धरून ठेवतं. आणि काहीही खोलायच्या आधी शेडमधली खताची पोती हलवा. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते हवेतली ओल ओढतं आणि क्लोराइड लोखंडाला खातं. इन्व्हर्टरची बॅटरी लेथशेजारी चार्ज होत असेल तर तिलाही दुसरा कोपरा द्या.